नाक गेलं त्याची गोष्ट

तौक्ते वादळ 16 मे 2021 ला गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि आमच्या वाड्यावरची वीज दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रीजमधले बांगडे काढले, धुतले, हळद-मीठ लावलं आणि मिक्सर बंद म्हणून रगड्यावर उडदामेथीचं वाटण वाटायला बसले. मुलगा मागच्या दारातून आत आला तो उंबऱ्यावरच थांबला. शर्टाची कॉलर नाकावर धरून म्हणाला, "आई, काय करतेस?"

"बांगडे."

"ते बांगडे नव्हेत आता. पुरून टाक."

फोंड्याच्या बाजूला मी पंचवीस वर्षं खानावळ चालवते. रोज सत्तर-ऐंशी ताटं, दोन तऱ्हांची मासळी, एक सुकं, सोलकढी. बंद फ्रीजमध्ये, मे महिन्याच्या उकाड्यात दोन दिवस पडलेले बांगडे मी स्वतःच्या हाताने धुतले आणि मला काही कळलं नाही. मागाहून आठवलं, हाताला ते मऊ लागले होते. पण आमच्या धंद्यात हात आणि डोळे नुसती शंका काढतात. कौल नाक देतं. आणि माझ्या नाकाने देवळाचं दार कधीच बंद केलं होतं.

ते कधी बंद झालं ते मला तारखेने सांगता येत नाही, पण कळलं कसं ते सांगता येतं. त्याच्या तीनेक आठवडे आधी घरात तिघांना कोविडचा ताप आला. सासूबाईंचा फेणीवर फार विश्वास. प्यायच्या नव्हे, चोळायच्या. छातीला, तळपायांना काजूची फेणी चोळली की ताप उतरतो असं त्या मानतात, आणि त्याही आजारीच असल्यामुळे वेगळं राहण्याचा प्रश्न उरला नव्हता. माझ्या भावाची सत्तरीत भाटी आहे, तिथली बाटली घरात असतेच. काजूची फेणी घरात उघडली की ती लपत नाही, शेजाऱ्यालाही सांगावं लागत नाही. त्या रात्री त्यांनी चोळली तेव्हा बाहेरच्या खोलीतून मुलगा ओरडला, "खिडकी उघडा कोणी तरी!" मला छातीवर गार लागलं, डोळे चुरचुरले, नाकात आत झणझणलं. वास मात्र नाही. बाटली नाकाशी धरून हुंगली. पुन्हा झणझण. ज्यातून वास काढून घेतलाय अशी फेणी, म्हणजे नुसता स्पिरिटचा चटका.

नाक चोंदलेलं असतं तर काही वाटलं नसतं. सर्दीत सगळ्यांचंच होतं. पण नाक स्वच्छ मोकळं होतं, श्वास आत-बाहेर नीट जात होता. हवा येत होती, बातमी येत नव्हती.

सुरुवातीला सगळे म्हणाले, चव गेली. मीही तेच म्हणत होते. मग लक्षात आलं की मीठ कळतंय, कोकमाचा आंबटपणा कळतोय, गूळ गोड लागतोय, कारलं कडू. हुमण, म्हणजे आमची खोबऱ्याची मासळीची आमटी, तोंडात घेतलं की आंबट, खारट, तिखट आणि गरम, एवढंच. खोबरं कुठे गेलं? धणे कुठे गेले? तिरफळाचं तर मला हसूच आलं. ठेचून, पाण्यात टाकून, शेवटी हुमणात घातलेल्या तिरफळाने जिभेला मुंग्या आल्या तशाच, ओठ बधिरले तसेच, पण ज्यासाठी ते घालायचं तो लिंबाच्या पानासारखा, रानातला वास नाही. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा वासाचा असतो, हे मी पुढे डॉक्टरांकडून ऐकलं. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो, आणि आपला मेंदू तो जिभेच्या खात्यावर जमा करतो. नाक बिचारं राबतं, नाव जिभेचं होतं.

खाण्याचं दुःख एका बाजूला. मला जास्त त्रास झाला तो घर मुकं झाल्याचा. दूध उतू जाऊन करपलं, मी शेजारच्या खोलीत. ओल्या कपड्यांना कुबट वास आला, मी घडी करून ठेवले. खोबरेल तेल खवट झालं ते मुलीने सांगितलं. अंगाला घामाचा वास येतो का, हे माणसाने कोणाला विचारायचं? मी दिवसातून तीनदा आंघोळ करू लागले. आणि गॅस. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं गंधकाचं रसायन अगदी थोडं मिसळतात, कुजक्या कोबीसारखं घाण वास मारणारं. मुलाने वाचून दाखवलं की 1937 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला, शेकडो मुलं गेली, आणि त्यानंतर तिकडे गॅसला वास देण्याचे कायदे झाले. म्हणजे ती सगळी व्यवस्था माझ्या नाकाच्या भरवशावर उभी. त्या संध्याकाळी यांनी गॅसगळतीचा अलार्म मागवला. तो फोडणीच्या धुराला आणि फेणीच्या बाटलीलाही बोंबलायचा. आवाज असलेलं नाक, पण अक्कल नसलेलं.

मृगाचा पाऊस आला तेव्हा मी मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहिले. खरं तर त्या वर्षी पहिला पाऊस वादळानेच आणला होता, पण म्हटलं बघू. लाल माती, चिऱ्याची भिंत, तापलेली कौलं. सगळं भिजताना दिसलं, ऐकू आलं. मातीच्या त्या वासाला बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली पेट्रिकोर असं नाव दिलं. त्यातला मातकटपणा जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, जो मातीतले जिवाणू बनवतात. माणसाचं नाक त्याच्याबाबतीत इतकं तिखट की लाख कोटी कणांत पाच-दहा कण असले तरी ओळखतं. हे वाचून मला आणखीच वाईट वाटलं. एवढं स्वस्तात मिळणारं, तेही नाही.

जुलैत पणजीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्याआधी एकाने 'मनाचे खेळ आहेत, होईल बरं' म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या होत्या, ते सोडून देते. पणजीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी वेळ दिला. डोळे मिटायला सांगून एकेक डबी नाकाशी धरली. कॉफी, लवंग, साबण, संत्र्याची साल. मी दहापैकी एकही ओळखू शकले नाही. मग एक बाटली धरली तेव्हा मी झटकन डोकं मागे घेतलं. "हा कळला!" म्हटलं. त्या म्हणाल्या, "हा अमोनिया. हा तुम्हाला वास म्हणून नाही कळला. चेहऱ्याची संवेदना नेणारी नस वेगळी असते, तिला तो टोचतो. मिरचीची खाट, पुदिन्याचा गारवा, दारूचा चटका, हे सगळं तिचं काम. ती तुमची शाबूत आहे."

फेणीचं कोडं तिथे सुटलं.

मग त्यांनी कागदावर नाक काढून दाखवलं. आपण नाक म्हणतो ते पुढचं दार. वास ओळखणारा भाग आत, पार वर, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर असतो, काही चौरस सेंटिमीटरचा पातळ पडदा. त्यात लाखो चेतापेशी, त्यांची टोकं सरळ हवेत उघडी. त्यांचे धागे चाळणीसारखी भोकं असलेल्या पातळ हाडातून वर मेंदूत जातात. मेंदूची दुसरी कुठलीही तार इतकी उघड्यावर नसते, आणि म्हणूनच की काय, या पेशी मरतात आणि नव्या उगवतात, आयुष्यभर. या विषाणूने चेतापेशींवर थेट हल्ला केला नाही असं दिसतं. त्याने त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या आधारपेशी मारल्या. मी म्हटलं, म्हणजे स्वयंपाकीण धडधाकट, पण पाणी भरणारी, भांडी घासणारी, वाटण काढणारी सगळ्या एका दिवशी गेल्या. खानावळ बंदच पडणार. डॉक्टरीणबाई हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

"मग ओळखतं कसं?" मी विचारलं. कारण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्यांनी सांगितलं की माणसाच्या नाकात गंध पकडणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली शोधली, त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. एका वासाला एक ग्राहक असं नसतं. एकेक रेणू अनेक ग्राहकांना कमी-जास्त चाळवतो, आणि कोणते किती चाळवले त्या नक्षीवरून मेंदू म्हणतो, ही लवंग, हा साबण. हे मला चटकन समजलं. आमच्याकडे वाटणाचं तेच आहे. खोबरं, धणे, मिरची, हळद, कोकम नाही तर चिंच, जिन्नस मोजकेच. प्रमाण आणि भाजणं बदललं की हुमणाची शागोती होते, आणि जेवणाऱ्याला एकेक जिन्नस नाही, आख्खं वाटण ओळखू येतं.

औषध म्हणून काही नव्हतं. होता तो व्यायाम. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलेला: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक बाटली काही सेकंद हुंगायची, बारा आठवडे. हुंगताना त्या वासाची आठवण मनात आणायची.

सांगायला सोपं. करून बघा. रिकाम्या विहिरीत रोज दोनदा घागर सोडायची आणि रिकामी वर ओढायची. गुलाबाच्या बाटलीशी मी गुलाब आठवत बसायचे आणि आठवायचा तो गुलाबाचा रंग. वास आठवणीतून मागवता येत नाही हे तेव्हा कळलं. गाणं मनात म्हणता येतं, चेहरा डोळ्यांपुढे आणता येतो, वास मात्र बोलावल्याने येत नाही, निदान मला तरी. तिसऱ्या आठवड्यात निलगिरी कळली आणि मी आनंदाने यांना फोन केला. मग बाटली खाली ठेवताना ध्यानात आलं की कळला तो गारवा. पुन्हा ती चेहऱ्याची नस. लिंबू, लवंग, गुलाब तिथेच गप्प.

याच सुमारास खानावळ पुन्हा उघडली. आता खरी पंचाईत. माझ्याकडे बारा वर्षं काम करणारी एक बाई आहे, मला 'काकी' म्हणते. तिला बाजूला घेऊन सांगितलं, आजपासून माझं नाक तू. नारळ फोडला की आधी तू हुंग, मग किसायचा. पहिले चार दिवस तिने प्रामाणिकपणे केलं, पाचव्या दिवशी घाईत विसरली. तीसमधला एक नारळ आतून बिघडलेला होता, त्याचं खोबरं सगळ्यांबरोबर ग्राइंडरमध्ये गेलं. मला काय कळणार? पहिल्या पंगतीतल्या नेहमीच्या माणसांनी आमटी बाजूला सारली. कोणी बोललं नाही, आणि तेच लागलं. मी कढईभर आमटी ओतून दिली आणि त्या दिवशी नुसती तळलेली मासळी आणि डाळ वाढली. तिला मी रागावले नाही. रागवायचा हक्क नाक असलेल्यांना.

मासळीबाजारात वेगळी तऱ्हा. 2018 च्या पावसाळ्यात परराज्यातल्या मासळीवरून फॉर्मेलिनचा गोंधळ झाला, तेव्हापासून लोक मासळी जरा जास्तच हुंगून घेतात. माझी नेहमीची नुस्तेकान्न, मासळीवाली, वैतागते, "बाये, हुंगून कितें पळयता गो?" मी मात्र न हुंगता कल्ले उघडून, डोळे बघून, पोट दाबून घेऊ लागले, तर तिला संशय, की हिला काय झालं, भांडलीबिंडली की काय. शेवटी खरं सांगितलं. त्या दिवसापासून ती मला स्वतः सांगायची, हें घे, तें नाका. तिच्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन. आता एक गंमत सांगते. शिळा बांगडा मला अजिबात कळत नव्हता, पण शिळी मोरी, म्हणजे लहान शार्क मासा, लगेच कळायची. समुद्रातल्या मासळीचा शिळा वास ट्रायमिथाइलअमाइनचा, तो नाकाच्या गंधपेशींचं काम. आपण मासळीला कोकम, चिंच, लिंबू लावतो त्यामागे हेही आहे, आंबटाने तो वास दबतो. मोरीच्या मांसात मात्र युरिया भरपूर, ती खराब झाली की त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया मला टोचायचा. म्हणजे आंबट-तिखाची मोरी मी एकटी आणू शकत होते, बांगड्याला माणूस लागायचा.

ऑक्टोबरात नाक परत आलं. वेड लागून आलं. कांदा परतायला घातला आणि मला वाटलं कुणी तरी टायर जाळतंय. बाहेर जाऊन पाहिलं, कोणी नाही. आत आले, तव्यावरच होतं ते. कॉफी, लसूण, भाजलेलं खोबरं, तळणीचं तेल, टूथपेस्ट सुद्धा, सगळ्यांना तोच एक वास: जळकं रबर आणि त्यात काही तरी कुजकं. त्या वासाला नाव नाही, कारण तो जगात कुठेच नाही, फक्त माझ्या डोक्यात. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या चक्क म्हणाल्या, "चांगलं लक्षण आहे." चारशेपैकी काही ग्राहक परत आले, काही नाही. मेंदूला नक्षी अर्धवट मिळते आणि तो भलतंच वाचतो. खोबऱ्याशिवायचं वाटण, माझ्याच भाषेत. कॉफीत, भाजलेल्या-परतलेल्या पदार्थांत काही गंधकाचे रेणू असतात, अगदी थोडे पण फार जोरकस. तेच आधी पोचतात आणि बाकीच्यांशिवाय एकटे भयंकर वाटतात.

लक्षण चांगलं असेल, दिवस वाईट होते. खानावळीची बाई आणि कांद्याच्या वासाने ओकारी! डिसेंबरपर्यंत मी पेज, चेपणीचं तोर म्हणजे मिठातली कैरी, दही, केळं, उकडलेला बटाटा यावर जगले. सात किलो उतरले. बायका विचारायच्या, कुठला डाएट? यांनी नवा साबण आणला होता, त्याच्या वासाने मी दुसऱ्या खोलीत झोपू लागले आणि ते बरेच दिवस मनाला लावून बसले. त्यांना समजावता येईना. नाक गेलं हे लोकांना समजतं. नाक खोटं बोलतंय हे समजत नाही.

बारा आठवडे झाल्यावर वास बदला असं सांगितलं होतं, म्हणून मी विलायती बाटल्या ठेवून दिल्या आणि माझ्या चार काढल्या: तिरफळ, भाजलेले धणे, आमसूल आणि सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी. पावसात मार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा होते, तेव्हा पाचवी म्हणून जायांची फुलं घ्यावी असं मनात होतं. पण देवाची फुलं हुंगायची नाहीत हे लहानपणापासून हातावर चापटी खाऊन शिकलेलं. पूजेसाठी विकायला बसलेल्या बाईसमोर मी फूल नाकाला लावलं असतं तर तिने सगळी परडी माझ्या गळ्यात मारली असती. म्हणून राहिलं.

मे 2022. पावसाळ्याच्या बेगमीसाठी, पुरुमेंतासाठी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले होते. सुक्या मासळीच्या रांगेत लोक नाकाला रुमाल लावून चालतात, मला वर्षभर त्याची गरज नव्हती. सुंगटांच्या ढिगाशी वाकले आणि आला. जळकं रबर नाही. सुकी सुंगटं, खारी, उन्हातली, थोडी गोडसर. दोन क्षण, मग गेला, मग पुन्हा. आणि सुंगटं ओळखायच्या आधीच मला आठवली खानावळीची पहिली जून-जुलै, मासेमारी बंद, खिशात पैसा नाही, तीन आठवडे रोज सुक्या सुंगटांचं किसमूर आणि डाळ-भात वाढला तो. उधारीची वही, तिच्या कव्हराचा रंगसुद्धा. बाकीच्या संवेदना मेंदूच्या थॅलॅमस नावाच्या टपाल कचेरीतून वाटल्या जातात, वासाला तो वळसा लागत नाही, तो भावना आणि आठवणींच्या भागांत सरळ घुसतो. हे मला तोंडपाठ झालं होतं. तरी तिथे उभी राहून रडले. विकणाऱ्या बाईला वाटलं मी भावावरून नाराज आहे. तिने पन्नास रुपये कमी केले.

मग एकेक येत गेलं, पण रांग लावून नाही. आधी घाण, मग सुगंध, असा माझा अनुभव: गटार, शिळी मासळी, गॅस, मग धणे, मग तिरफळ. कांद्याचं टायर हळूहळू विझलं, कॉफीत अजून थोडं उरलंय. मोगरा आणि पिकलेला फणस अजून नाहीत. या हंगामात भावाच्या भाटीवर गेले तेव्हा बोंडूंचा, काजूच्या फळांचा, वास दुरूनच आला, हुर्राकाचा, म्हणजे पहिल्या धारेच्या दारूचा, पण आला. दोन्हींत पूर्वी काय फरक होता तो मात्र आठवून सांगता येईना.

बांगडे मी आता स्वतः घेते. नारळाचं अजून ठरलेलं नाही. परवा एक फोडला, हुंगला, आणि म्हटलं, "हा टाक." माझ्या बाईने हुंगला, "काकी, चांगला आहे की." मी पुन्हा हुंगला. तिने पुन्हा हुंगला. बाहेर पहिली पंगत बसायला आली होती. शेवटी तो तसाच बाजूला ठेवला आणि दुसरा फोडला.